सॉकेटमधली अक्षत

आमच्या घरी सुट्या भागांतून एक संगणक जोडला गेला, तो माझ्या पतींच्या उजव्या हातासाठी.

माघ महिन्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डॉक्टरांनी त्याला ‘सौम्य’ म्हटले. चालणे परतले, बोलणे परतले, तोंडाचा वाकडेपणा होळीपर्यंत निघून गेला. हात मात्र मनगटाशी थांबून राहिला. खडकीतल्या एका कारखान्याच्या टूल-रूममध्ये सत्तावीस वर्षे काढलेला तो हात होता. पोलादाच्या ठोकळ्यावरून अंगठ्याचे पेर फिरवून ते म्हणत, ‘इथे किंचित उंच आहे,’ आणि मागाहून मापयंत्र त्यांच्या बाजूने साक्ष देई. त्याच हाताला आता कपाचा कान सापडत नव्हता. कप धरला गेला की नाही, हे ते डोळ्यांनी पाहून ठरवत. स्वतःच्याच गल्लीत पत्ता विचारत फिरणारा माणूस पाहवत नाही, तसे ते मला पाहवत नसे. मी ओट्याकडे वळून पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत असे.

फिजिओथेरपीच्या बाई तरुण होत्या आणि बोलायला फटकळ. त्यांच्या खोलीत एका पडद्यासमोर मोटारीचे स्टिअरिंग बसवलेले होते. पडद्यावरच्या लांबलचक रस्त्यावर ट्रक हाकायचा, एवढाच तो खेळ. चौथ्या दिवशी समोरून एक गाडी अचानक आडवी आली आणि माझ्या पतींच्या उजव्या अंगठ्याने, त्यांना न विचारता, हॉर्न दाबला. खोलीभर तो भोंगा घुमला. ते कितीतरी वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत राहिले. परगावी गेलेले कोणी न कळवता दारात उभे राहिले, की आपण असेच पाहतो.

‘काका, हे घरी रोज तासभर केलंत तर दिवाळीपर्यंत शर्टाची बटणं तुमची तुम्ही लावाल,’ बाई म्हणाल्या.

‘आणि नाही केलं तर?’

‘तर काकू लावतीलच. त्यांना सवय झालीये.’

त्या दिवशी रिक्षात ते उजवा हात मांडीवर उघडा ठेवून बसले होते. एरवी तो शालीखाली असे.

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली तेव्हा तिने मागे ठेवलेल्या लॅपटॉपवर, बाईंनी उसने दिलेले जुने स्टिअरिंग जोडून, आम्ही तो खेळ चालवून पाहिला. ट्रक अडखळत, थबकत, एकेका चित्राने पुढे सरके. हॉर्न दाबला की भोंगा तीन श्वासांनी वाजे. हाताला उत्तर तत्काळ मिळायला हवे, त्याशिवाय त्याला पटत नाही, असे बाईंनी सांगितले होते. म्हणजे खेळांसाठीचाच संगणक हवा होता. तयार घेण्याची ऐपत अर्ध्या पगाराच्या रजेत नव्हती.

‘सुटे भाग आणू,’ हे म्हणाले. ‘जोडणं मला येतं.’ मग क्षणभराने त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केले, ‘येत होतं.’

पुढचा महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर चौकटीची एक वही उघडी असे. डाव्या हाताने काढलेली तिच्यातली अक्षरे पहिलीतल्या मुलाच्या अक्षरांसारखी मोठी आणि एकमेकांवर कलंडलेली. आतला मजकूर मात्र टूल-रूमच्या शिस्तीचा. प्रोसेसर कोणता, त्याला कोणता मदरबोर्ड चालतो, कोणत्या बोर्डावर कोणती रॅम बसते. मी आयुष्यभर कॉलेजात कविता शिकवल्या. कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी नांदतो हे सांगण्यात माझे दिवस गेले. ही वही वाचताना मला आपल्याच घरात राहणाऱ्या दुसऱ्या छंदशास्त्राची पहिल्यांदा ओळख झाली. पैसे कुठे वाचवायचे, याचा त्यांचा विचार स्पष्ट होता. पेटी साधी चालेल, साठवणीची जागा कमी चालेल, कीबोर्ड जुनाच चालेल. वीज पुरवणारा भाग मात्र चांगल्यातला चांगला. ‘त्याच्यावर बाकी सगळ्यांचा जीव,’ असे त्यांनी त्या ओळीपुढे लिहिले होते.

तपकीर गल्लीत, संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात, आम्ही गेलो त्या दिवशी ऑक्टोबरचे ऊन पत्र्यांवरून खाली गळत होते. दुकानांच्या तोंडाशी खोक्यांच्या थप्प्या, तापलेल्या प्लास्टिकचा आणि डिंकपट्टीचा वास, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी कोणाला तरी ‘आत या’ म्हणत असलेले. दुकानदाराने यादी वाचली आणि अक्षराबद्दल काही बोलला नाही, याबद्दल मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

‘कॅबिनेट काचेचं देऊ? आत लायटिंग. सात रंग फिरतात.’

‘गणपती बसवायचा नाहीये आत,’ हे म्हणाले.

‘मग हे घ्या. काळं. ह्यात काहीच दिसत नाही, चालू आहे की बंद तेही कळत नाही. तुमच्यासारख्यांसाठीच काढलंय.’

दोघेही हसले नाहीत, पण दोघांनाही बरे वाटल्याचे मला दिसले. झटक्यानंतर लोक यांच्याशी फार गोड बोलू लागले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांना धड टोमणा मारला होता.

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रे धावती ठेवणारा भाग, नवा घेणे परवडणारे नव्हते. तो आम्ही कात्रजला एका मुलीकडून वापरलेला घेतला. ती यवतमाळकडची, आयटी कंपनीत नोकरी करणारी, तिघीजणींत भाड्याने राहणारी. तिने आम्हाला पलंगावर बसवले, कार्ड चालवून दाखवले आणि मग काढून यांच्या समोर धरले. यांनी ते नाकाशी नेले.

‘काका, वास काहून घेता?’

‘आत काही जळलं असेल तर नाकाला आधी कळतं.’

‘मंग, काय म्हणते नाक?’

‘फोडणी. लसणाची.’

ती पोट धरून हसली. ‘किचन बाजूलेच आहे न जी! कार्डानं माझ्यासंगं दोन वर्षं वरण-भातच खाल्लं.’ मग कार्ड परत घेत म्हणाली, ‘विकाचं नव्हतं काकू मले. पण आता वेळच भेटत नाही. घरी आली का झोपते. नुसतं पडून राह्यते बिचारं.’

तिने ते फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळले आणि, तिला काही ठाऊक नसल्यामुळे, यांच्या उजव्या हातात दिले. मी पुढे सरकले. त्यांनी डोळ्यांनी मला थांबवले. परतीच्या बसमध्ये खडकीपर्यंत ते पुडके त्यांनी उजव्या हातानेच छातीशी धरले होते. डावा हात खाली आधाराला होता खरा, पण ब्रेकच्या धक्क्यांना, खड्ड्यांना, उजवी बोटे मिटत होती. मी खिडकीबाहेर पाहण्याचे सोंग केले.

अष्टमीच्या संध्याकाळी सगळे भाग टेबलावर मांडले. मदरबोर्ड चंदेरी पिशवीतून निघाला तेव्हा नव्या वहीचा आणि पावसात भिजलेल्या पत्र्याचा मिळून व्हावा तसा वास आला. मधोमध एक चौकोन, त्यावर काळे प्लास्टिकचे झाकण. ते सॉकेट, प्रोसेसर बसण्याची जागा. यांनी नखाने झाकण उचलले, आपले जुने भिंग माझ्या हातात दिले आणि दिवा वाकवला.

भिंगाखाली हजारावर सोनेरी पिना होत्या. प्रत्येक केसाहून बारीक, प्रत्येकीची मान एकाच दिशेला किंचित झुकलेली. वाऱ्याने एका बाजूला कललेले शेत दिसावे तशा. मी श्वास रोखला.

‘श्वास घे,’ हे म्हणाले, ‘फक्त त्यावर सोडू नकोस. प्रोसेसर यावर नुसता ठेवायचा असतो, दाबायचा नाही. दाब ही बाजूची लिव्हर देते. यातली एक पीन वाकली तरी सगळं मुकं.’ त्यांनी झाकण परत बसवले. ‘उद्या खंडेनवमी. पूजा करशील ती खोक्यांची कर.’

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. कारखान्यातल्या माणसांच्या घरात तो दिवस दिवाळीच्या तोडीचा.

‘खोक्यांची पूजा म्हणजे पाहुणा सोडून त्याच्या छत्रीला ओवाळायचं,’ मी म्हटले.

‘ओवाळ की. पाहुणा कोरडा राहतो. टूल-रूममध्ये आम्ही मायक्रोमीटरची पूजा पेटीसकट करायचो. मापाच्या तोंडाला कुंकू लावणाऱ्याला आमचे मिस्त्री बोनस कापायची धमकी द्यायचे.’

मी हसून हो म्हटले. हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण मला सांगितले गेले नव्हते असे नंतर मला कुणालाही, स्वतःलासुद्धा, म्हणता येणार नव्हते.

सकाळी पाटावर लाल कापड अंथरले. यांची मापयंत्रांची पेटी, माझे शिवणयंत्र, विळी, माझी दोन पेने, आणि नवे भाग. झेंडूचा उग्र हिरवट वास खोलीत भरला होता. हे आंघोळीला गेले होते. मी खोक्यांना हळद-कुंकू वाहिले, मदरबोर्डाच्या झाकणावर एक फूल ठेवले, आणि तेवढ्यात न्हाणीघरात तांब्या पडला.

तांब्या पडल्याचा आवाज त्या वर्षी घरात रोजचा होता. फरशीवर आपटून तो गोल फिरे आणि बराच वेळ वाजत राही. त्यानंतरची शांतता मात्र मला कधीच सवयीची झाली नाही. त्या शांततेत ते वाकत, शोधत, पुन्हा धरत. त्या दिवशी ती फार लांबली. मी दाराशी जाऊन हाक मारावी का, असा विचार करत उभी राहिले, आणि मारली नाही.

मग मी झाकण उचलले. मी फारशी देवभोळी नाही. उपास करत नाही, नवस बोललेले नाहीत. पण उद्या ज्या जागेवर तो हात जाणार होता, त्या जागेला, तिच्या टोपणाला वगळून, काहीतरी सांगावेसे मला वाटले. कुंकवाने ओल्या केलेल्या अक्षता चिमटीत होत्या. त्या मी सॉकेटवर वाहिल्या. सोन्याच्या त्या शेतावर लाल दाणे क्षणभर फार सुंदर दिसले, हेही मला कबूल केले पाहिजे. लगेच भान आले. मी बोर्ड अलगद उचलून तळहातावर पालथा केला, बोटाने मागून हलकेच टिचकी मारली. दाणे हातात पडले. किती वाहिले आणि किती पडले, हे मोजले नव्हते. झाकण लावले. हे केस पुसत बाहेर आले तेव्हा मी उदबत्ती लावत होते.

दसऱ्याला, जेवणाआधी, त्यांनी जोडणी सुरू केली. स्क्रू डाव्या हाताने, तारा मी. पण प्रोसेसर उजव्या हातानेच ठेवायचा, हे त्यांनी कधीचे ठरवलेले होते. मला सांगितले नव्हते, पण मी ओळखून होते.

‘मनगटाला आधार देऊ का?’

‘नको.’

अंगठा आणि तर्जनी यांच्यात तो चौकोनी तुकडा धरून त्यांनी हात सॉकेटवर आणला. कपाळावरची शीर उभी राहिली होती. हात खाली गेला, थांबला, पुन्हा गेला. आणि अगदी शेवटी, बसायला केसभर अंतर उरले असताना, चिमटीतून तुकडा सुटला. त्याच्या जागी तो नीट बसला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांनी लिव्हर ओढली. वाळक्या पानावर पाय पडावा तसा करकर आवाज आला.

‘असा आवाज येतोच,’ ते म्हणाले. ‘सगळे तसंच सांगतात.’

दुपार टळली तेव्हा सगळे जोडून झाले होते. बटण दाबले. पंखे फिरू लागले, पेटीतून कोमट वारा आला. पडदा काळा राहिला. त्यांनी रॅम काढून खोडरबराने पुसली, पुन्हा बसवली. तारा तपासल्या. कार्ड काढून पाहिले, घालून पाहिले. शेजारी आपट्याची पाने घेऊन आले, पाया पडणे, गळाभेटी झाल्या, कोणीतरी ‘अरे वा, कॉम्प्युटर!’ म्हणाले. ते गेल्यावर हे खुर्चीत बसले.

‘सुटलं माझ्या हातातून. पाहिलंस ना तू?’

‘केसभरच अंतर होतं.’

‘टूल-रूममध्ये केसभर म्हणजे फार झालं.’

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बोर्ड घेऊन निघाले. ते यायला तयार नव्हते. कसबा पेठेत एका बोळाच्या तोंडाशी, तांबट आणि फुलवाला यांच्यामधल्या खणभर जागेत एक वयस्क गृहस्थ असली सूक्ष्म दुरुस्तीची कामे करतात, असे तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने सांगितले होते. त्यांनी लिव्हर उघडली, प्रोसेसर काढला, डोळ्याला भिंग लावले आणि बोर्ड दिव्याखाली फिरवत राहिले. शेजारून तांब्यावर हातोडीचे ठोके पडत होते.

‘बाई,’ अखेर ते म्हणाले, ‘ह्याच्यावर अक्षता कोणी टाकल्या?’

मी पदर सारखा केला.

‘लग्न लावलंत की काय मदरबोर्डाचं?’ त्यांनी चिमट्याच्या टोकावर काहीतरी धरून माझ्यासमोर आणले. तांदळाची कणी होती ती, मोहरीएवढीही नसेल, पण लाल. ‘ही इथे, डाव्या अंगाला अडकली होती. तीन पिना झोपल्यात हिच्याखाली.’

‘हात... ठेवताना हात थरथरल्यामुळे...?’

‘हाताचा काय संबंध? हात हलला असता तर पिना एका अंगाला ओढल्या गेल्या असत्या. ह्या सरळ खाली दबल्यात. वरून लिव्हरनं दाबलं, मध्ये ही सौभाग्यवती. ज्यानं ठेवलाय त्यानं जागच्या जागी ठेवलाय.’ त्यांनी कणी कागदावर टेकवली. ‘सरळ करून बघतो. खात्री देत नाही. आठ दिवसांनी या. आणि येताना नारळ आणू नका.’

‘ज्यानं ठेवलाय त्यानं जागच्या जागी ठेवलाय.’ हे वाक्य मी परत येताना मनात घोळवत आले. घरी जाऊन पहिल्यांदा तेच सांगायचे, मग बाकीचे. जिना चढताना मला ते पाठ होते.

दार यांनीच उघडले. मी चप्पल काढायच्या आतच त्यांनी विचारले, ‘पिना ना?’

‘हो. तीन.’

‘वाटलंच.’ आणि त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले.

त्यानंतर एक क्षण मोकळा होता. बोलायला पुरेसा होता. मी पाणी प्यायला आत गेले. माठातले पाणी ओतले, प्यायले, पेला पालथा घातला. बाहेर आले तेव्हा ते खिडकीशी जाऊन बसले होते आणि तो क्षण निघून गेला होता.

का बोलले नाही, याची मी स्वतःला बरीच कारणे दिली. बोर्ड दुरुस्त होऊन आला की सांगू, तोवर हसण्यावारी नेता येईल. आज त्यांना त्रास कशाला. पण खरे कारण वेगळे होते. त्या वर्षी त्यांचे सारे माझ्या हातांवर चालले होते: गोळ्या, दाढी, पायजम्याची नाडी, सही करताना कागद धरणे. ते माझ्या हातांकडे पाहत नसत, इतका त्यांना त्या हातांचा भरवसा होता. तो भरवसा मोडलेला मला पाहायचा नव्हता. माझ्या हातांची अब्रू राखण्यासाठी मी त्यांच्या हाताची जाऊ दिली.

आठ दिवस घरात काही फुटले नाही, कारण उजवा हात काही उचलतच नव्हता. ते डाव्या हाताने चमच्याने जेवत. रबरी चेंडू, जो रोज सकाळी शंभरदा दाबायचा, तो कपाटात गेला. वही मिटली. मी एकदा म्हटले, ‘अहो, व्यायाम?’ ते म्हणाले, ‘बोर्ड आला की बघू,’ आणि त्यांच्या आवाजात बोर्डाची वाट पाहणे मुळीच नव्हते. तांब्यासुद्धा आता पडत नव्हता. न्हाणीघरातून नुसते पाण्याचे सपकारे ऐकू येत, एका हाताचे. ज्या आवाजाला मी आठ महिने भीत होते, तो आता ऐकू यावा म्हणून मी कान देऊन उभी राहत असे.

नवव्या दिवशी फिजिओथेरपीची वेळ होती. बाईंनी बोटे एकेक करून वाकवली आणि भुवया चढवल्या.

‘काका, हे काय? दसऱ्याला सुट्टी दिली होती, रजा नाही.’

‘मी आता येणार नाही,’ हे शांतपणे म्हणाले. ‘तुम्ही खूप केलंत. पण हात कामातून गेलाय. परवा एक साधी वस्तू ठेवायची होती. चार इंचावरून नाही, केसभर अंतरावरून. तेवढंही झालं नाही. तीन पिना मोडल्या.’

‘तुम्ही नाही मोडल्या,’ मी म्हटले.

दोघांनी माझ्याकडे पाहिले. पाठ केलेले वाक्य मला एकही आठवेना. मी तुटक तुटक सांगितले: झाकण काढले होते, अक्षता वाहिल्या होत्या, एक कणी राहिली होती. दुरुस्ती करणाऱ्यांनी ती दाखवली. पिना सरळ खाली दबल्या होत्या. हाताने ठेवलेले जागच्या जागी होते.

बाईंनी यांची तर्जनी अजून धरलेली होती.

‘दाणा अख्खा होता की कणी?’ यांनी विचारले.

‘कणी.’

‘कोणत्या बाजूला?’

‘लिव्हरच्या... डाव्या अंगाला.’

‘सरळ दबल्या म्हणाले? ओढल्याची खूण नाही?’

‘नाही म्हणाले.’

ते टूल-रूममध्ये बिघाड तपासत होते. मी एकेक उत्तर देत गेले आणि प्रत्येक उत्तरासरशी त्यांच्या चेहऱ्यावरचे काहीतरी सैल होत गेले. मला वाटले, आता सुटले. मग ते थांबले.

‘हे त्यांनी तुला सांगितलं कधी?’

‘बोर्ड दिला त्या दिवशी.’

‘म्हणजे आठ दिवस झाले.’

‘हो.’

‘मी चमच्यानं जेवत होतो.’

बाई उठून खिडकीचा पडदा सारखा करू लागल्या. यांनी आपली तर्जनी पाहिली, ती हळूहळू स्वतःहून वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली. ‘बाई,’ ते म्हणाले, ‘आज किती वेळ राहिलाय?’

‘वीस मिनिटं.’

‘मग सुरू करा.’

बोर्ड आणायला मी जाऊ का, असे विचारले तेव्हा त्यांनी मान हलवली आणि स्वतः गेले, एकटे, बसने. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे पेठेत गेले. मी गॅलरीत उभी राहून परतीच्या वेळेचा अंदाज बांधत होते. ते आले, पिशवी टेबलावर ठेवली, हात साबणाने धुतले आणि म्हणाले, ‘तू जरा बाहेर थांब.’

‘मी काही करणार नाही. नुसती बसते.’

‘बाहेर थांब.’

मी पुन्हा गॅलरीत गेले. कारखान्याच्या क्वार्टर्सच्या आवारात कोणीतरी गाद्या उन्हात घातल्या होत्या. कापसाचा कोरडा वास वर येत होता. आतून काही ऐकू येत नव्हते. मग लिव्हरची ती करकर ऐकू आली. मग फार वेळ काही नाही. मग पंखे, आणि त्यामागून एक छोटा, स्वच्छ, एकटा सूर, यंत्र जागे झाल्याचा, जो आम्ही आधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने ट्रकचे इंजिन सुरू झाल्याची घरघर आली आणि पाठोपाठ भोंगा.

मी दारात जाऊन उभी राहिले. पडद्यावर कुठल्यातरी परक्या देशाचा रस्ता चालला होता, दोन्ही बाजूंना पाइनची झाडे, रस्ता ओला. त्यांची पाठ माझ्याकडे होती. उजवा हात स्टिअरिंगवर होता. बोटे अजून नीट मिटत नव्हती, पण होती तिथे होती.

‘झालं?’ मी विचारले.

‘झालं.’ त्यांनी मागे पाहिले नाही. ‘दार लाव, उजेड येतोय पडद्यावर.’

त्या गोष्टीबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. टोमणाही मारला नाही, आणि टोमणे मारण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. हात सुधारतो आहे. बाईंच्या कागदावर दर महिन्याला आकडा वर सरकतो. घरात मात्र एक बारीक बदल झाला, जो कोणत्याही कागदावर चढत नाही. मी गॅस बंद केला की ते उठून बटण पाहून येतात. मी कुलूप लावले की एकदा ओढून पाहतात. यात राग नसतो. मोजलेली वस्तू पुढे पाठवण्याआधी पुन्हा मोजायची, तशी ती सवय आहे.

परवा रविवारी आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत भरायच्या होत्या. मी डबी घेतली, तर ते म्हणाले, ‘आण इकडे.’ उजव्या हाताने एकेक गोळी उचलून ते भरू लागले. पांढरी, गुलाबी, अर्धी तोडलेली. मंगळवारच्या खणाशी गुलाबी गोळी चिमटीतून सुटली आणि घरंगळत कपाटाखाली गेली. मी वाकले.

‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘मी बघतो.’

ते खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसले, मग गुडघ्यांवर आले, मग गाल फरशीला टेकवून कपाटाखालच्या अंधारात हात घालून चाचपू लागले. गोळी कपाटाच्या दुसऱ्या कडेने बाहेर निघाली होती, ती मला उभ्या जागेवरून दिसत होती. मी सांगितले नाही. हात मागे बांधून तिथेच उभी राहिले.